चावी उशीखाली

१२ फेब्रुवारी १९६४, मलकापूर.
आजपासून उपवासकाळ. ईस्टरपर्यंत मंडळीतल्या तरुणांना रोजच्या प्रार्थनेची सवय लावणारच. चर्चमध्ये पहाटे पाचला स्तोत्र, शास्त्रपाठ, पाच मिनिटं मौन. हजेरीचा तक्ता भिंतीवर लावला. लाल शाईच्या रेघा, फार देखणा. चर्चची चावी पाळकसाहेबांकडून मागून घेतली. अशी वस्तू जबाबदार माणसाकडे हवी. मे महिन्यात चिखलदऱ्याला तरुणांचं शिबिर आहे, त्याचा प्रमुख पाळकसाहेब ईस्टरला नेमणार. मला त्यात रस नाही. भाषणाचे मुद्दे तेवढे काढून ठेवले.

१३ फेब्रुवारी.
तक्त्याच्या कामाने दमलो होतो. साडेसातला जाग आली. चर्चला धावलो तर चिटपाखरू नाही! काय ही पिढी! बायकोला, कोकिळाला हे ऐकवलं. ती म्हणाली, चहा घ्या.

१७ फेब्रुवारी.
गजराचं घड्याळ आणलं. वाजलं असावं.

२४ फेब्रुवारी.
कापसाच्या जिनिंगमधला दयाराम रस्त्यात भेटला. पहाटे कुठे असतोस म्हणून झापला. म्हणे, "चावी मांगाले तुमच्याच घरी येतो ना, सर. तुमी उठतच नाही." सबबी! चावी उशीखाली सुरक्षित आहे.

२ मार्च.
खरा प्रकार कळला. पोरं चावीसाठी येतात, ती मिळाली नाही की कोकिळाच्या चुलीपाशी बसतात. स्वयंपाकाआधी ती मूठभर ज्वारी डब्यात टाकते आणि एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करते. तिच्या आईचीही हीच रीत. आता पोरंही घरून मूठभर ज्वारी आणतात. पद्मजा भांडकुदळ शेजारणीचं नाव घेते, दयाराम त्याला शिव्या देणाऱ्या मुकादमाचं. मग सगळे हसत कामाला जातात. चांगलं आहे, पण ही साधना नव्हे. मौन कुठे आहे? शिवाय तक्त्यात ज्वारीचा रकानाच नाही.

१५ मार्च.
तक्ता कोरा बरा दिसत नाही. माझ्या नावापुढे रोजची खूण केली. उठण्याचा हेतू रोज होता आणि देव अंतःकरण पाहतो. घड्याळ दुरुस्तीला दिलं.

२८ मार्च.
उद्या निवड. भाषण आरशासमोर दोनदा म्हटलं. विषय: पहाटेचं महत्त्व. कोकिळा मधेच स्वयंपाकघरात का गेली, कळलं नाही.

२९ मार्च, ईस्टर.
पाळकसाहेबांनी तक्ता पाहिला. रोज हजर एकटा मीच. शाबासकी ओठांवर आली होती, इतक्यात पोरांनी डबा आणला. काठोकाठ भरलेला. ज्वारी मंडळीतल्या भिमाबाईला द्यायची. बिचारीचं खोकल्यामुळे काम सुटलं आहे. पाळकसाहेबांनी विचारलं, एवढ्या मुठी कोणाकोणाच्या नावाने? पद्मजा म्हणाली, "बाकी नावं बदलत गेली. पन एक मूठ रोज सरच्या नावानं होती. त्याईले पहाटं जाग येऊ दे म्हनून."

सगळं चर्च हसलं. कोकिळाने तोंडाला पदर लावला. चिखलदऱ्याला तिची नेमणूक झाली. मी चावी परत केली. लाज वाटली. पण इतके दिवस रोज कोणीतरी आपलं नाव घेत होतं, याचं बरंही वाटलं. आता खरोखर उठायचं, असं मी सगळ्यांदेखत जाहीर केलं.

भिमाबाई डबा उचलता उचलता थांबली. म्हणाली, "असं नका करू, मास्तर. पेरनी लागली का मले काम भेटते. तवापर्यंत झोपा बाप्पा."