राखेनं घासलेली गाडी

माय, तू चुलीतली राख पत्र्याच्या डब्यात भरून आणलेली असतेस आणि मी तुझ्याशेजारी उकिडवी बसून ती तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळत असते. खडे वर राहतात, खाली पिठासारखी मऊ राख पडते. धान्याच्या मोंढ्याजवळच्या त्या व्यापाऱ्याचं परसू, मोरीपाशी रात्रीच्या भांड्यांचा ढीग, आणि ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलेलं नाही. तू पितळी पातेलं पायांच्या अंगठ्यांत धरून त्यावर गोल गोल हात फिरवतेस. मी जोर लावायला गेले की म्हणतेस, "दाबायचं न्हाई गं, फिरवायचं." मग मी पाणी ओतते, तू खंगाळतेस, मी भांडं उन्हात पालथं घालते. त्या सकाळी काही घडलं नव्हतं. रोजचीच सकाळ होती. पण डोळे मिटले की मला तीच दिसते.

तुला जाऊन तीस वर्षं होतील. तुला अक्षर येत नव्हतं. मला येतं ते शाळेमुळं नाही, किराण्याच्या पुड्या सोडून सोडून त्यांचे कागद वाचले म्हणून. पुढं वाचनालयातली पुस्तकं आणायला लागले. तुझा जावई रेल्वेत रुळांवर होता, तो गेल्यापासून दुपारच्या वेळी हे दोन खोल्यांचं घर फार लांबरुंद होतं, तेव्हा वाचत बसते. आज पुस्तकात मन लागेना म्हणून वही घेतली. तुला एका गाडीचं सांगायचं आहे.

तुझा नातू, ज्याला तू दात यायच्या आधी पाहिलंस, तो आता लातूरला एका सरांकडे ड्रायव्हर आहे. सरांचे मोठे क्लास आहेत, डॉक्टर व्हायला निघालेली गावोगावची पोरं त्यांच्याकडे शिकतात. सरांनी एक गाडी घेतली, शर्यतीतली असते तसली. दोनच दारं, दोनच माणसांची जागा आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. रंग पिकल्या जांभळाचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नांदेडला कुणाच्या तरी लग्नाला सर त्या गाडीतून आले आणि इथूनच रेल्वेनं मुंबईला गेले. पोराला म्हणाले, तू सावकाश गाडी लातूरला ने. म्हणून पोरगा एक रात्र माझ्याकडे राहिला आणि ती गाडी आपल्या अंगणात कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली.

गल्ली गोळा झाली. शेजारची आजी, जिच्याशी माझं रोजचं बोलणं-बसणं, कमरेवर हात ठेवून गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "अक्का, ही मगर कशाला आणून बांधली गं दारात? आन् दोनच माणसं बसत्यात म्हणं यात. त्याच्यापरीस आमचा टमटम बरा की, बारा जण मावत्यात." सगळे हसले, माझा पोरगा तेवढा हसला नाही. त्यानं घरातल्या चारही खुर्च्या गाडीच्या चार कोपऱ्यांवर ठेवून त्यांना दोरी बांधली. तुझ्या जावयाची सायकल भिंतीला टेकून असते, मी ती कुणाला हलवू देत नाही. पण ती कलंडून गाडीवर पडेल म्हणून तो इतका कासावीस झाला की मीच ती उचलून आत चुलीपाशी नेली. आधीच्या ड्रायव्हरनं या गाडीचा आरसा एका खांबाला घासला होता. त्याला सरांनी त्याच दिवशी घरी बसवलं होतं. पोरानं मला हे सांगितलं तेव्हा तो जेवत होता आणि घास हातातच राहिला होता.

शेजारच्या आजीची नात आहे, नऊ वर्षांची. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसते, भाकरीची करपलेली कड मागून खाते. तिनं दोरीखालून हात घालून गाडीच्या अंगावर एक बोट ठेवलं. पोरगा ओरडला, "ए, हात काढ!" तिनं हात पाठीमागं लपवला आणि तशीच घरी गेली.

अंगणात बाज टाकून पोरगा गाडीजवळच निजला. मांजर आलं की उठायचा, वाऱ्यानं फांदी हलली की उठायचा. पहाटे कुठं त्याचा डोळा लागला. मी उठून पाहते तर झाडावरच्या साळुंक्यांनी गाडीचं सगळं नाक पांढरं करून ठेवलेलं. मला वाटलं, हा उठायच्या आत करून टाकावं. आता उठला की पहिली नजर तिथंच जाणार, मग त्याला चहासुद्धा गोड लागायचा नाही. भाकऱ्या मी अजून चुलीवरच करते, राख घरचीच. मी ती मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळली, माय. एवढी भारी वस्तू, म्हणून काळजीनं दोनदा. जुन्या साडीचा बोळा ओला केला, त्याला राख लावली आणि वाकले.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. गोदावरीकडून गार हवा येत होती. उजेड अजून राखेच्याच रंगाचा होता. गाडी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी शांत, ओली दिसत होती आणि माझा हात आपोआप गोल गोल फिरत होता. मी गाडी घासत नव्हतेच. मी मोरीपाशी होते. तुझ्या अंगाला येणारा ओल्या राखेचा वास, तुझ्या कोपराची हालचाल, तुझं ते हळू आवाजातलं "दाबायचं न्हाई." मी दाबलं नाही, माय, अगदी दाबलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. पाणी ओतलं तेव्हा जांभळा रंग असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग ऊन आलं, गाडी सुकली. जिथं जिथं माझा हात फिरला होता तिथं रंगाची चमक गेली होती. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, एकात एक, एकात एक, सगळ्या नाकावर. मी पदरानं पुसून पाहिलं, ते पुसले जाईनात. मी दोरी बांधलेल्या खुर्चीवरच बसले. पोरगा बाजेवर तोंड उघडं टाकून झोपला होता, लहानपणी झोपायचा तसा. मी उठले आणि पहिलं काम काय केलं, तर राखेची वाटी आणि बोळा उचलून चुलीमागं सरकवला.

त्यानं पाहिलं तेव्हा तो ओरडला नाही. गुडघ्यावर बसला, बोट फिरवलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "आई, हे कशानं झालं?"

मी म्हणाले, "काल ती पोरगी हात फिरवून राहिली होती ना. मातीत खेळून आली होती."

वाक्य तयारच होतं, माय. शोधावं लागलं नाही. कधीपासून जिभेखाली बसून असल्यासारखं बाहेर आलं.

तो तसाच उठून शेजारच्या भिंतीपाशी गेला. शेजारची आजी बाहेर आली, मागं तिची सून. पोरगा म्हणाला, "मावशी, माझी नोकरी जाईल आता, कळतंय का तुम्हाला? पोरीला आवरता येत नाही का?" आजी म्हणाली, "आरं, बोट लावलं तिनं, बोट! बोटानं असं व्हतंय व्हय? लोखंडाची हाय का मेणाची तुझी गाडी?" मग ती माझ्याकडे वळली. "अक्का, तू सांग. तुला दिसली का माझी नात असं करताना?"

पोरगी दारात उभी होती, शाळेची एक वेणी घातलेली, एक सुटलेली. मी म्हणाले, "दिसली."

सुनेनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, जणू मी पुढं आणखी काही बोलणार आहे.

पोरानं सरांना फोन लावला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. फोन ठेवून म्हणाला, "सर हसले गं. म्हणाले, लहान लेकरू आहे, काय करणार. लातूरला गेल्यावर पॉलिश करून घे." तो नळावर गेला, तोंड धुतलं, मग चहा प्यायला. गोड लागला त्याला.

निघताना म्हणाला, "चल आई, लोह्यापर्यंत बस. परत एसटीनं ये. तुला कधी बसायला मिळणार?" मी नको नको म्हटलं, तरी त्यानं हाताला धरून बसवलं. माय, त्या गाडीत बसणं म्हणजे पाटावर बसणं. जमीन अगदी जवळून वाहते. मला माणसांचे गुडघे दिसत होते, बैलांची पोटं, ट्रकची चाकं, शेताच्या बांधावरचं वाळलं गवत. सगळं खालून दिसत होतं आणि आवाज नाही, धक्का नाही, नुसतं तरंगत जाणं. नऊ वर्षांची असताना मोरीपाशी बसून जग असंच खालून दिसायचं. दर गतिरोधकापाशी पोरगा गाडी तिरपी करायचा, श्वास धरायचा, आणि पोट न घासता पलीकडं उतरली की सोडायचा. मीही त्याच्याबरोबर धरायची, सोडायची. एका गतिरोधकानंतर तो माझ्याकडे बघून हसला. वाटलं, आता सांगावं. मग पुढचा गतिरोधक आला. लोह्याच्या स्टँडवर मी उतरले तेव्हा फळवाला, कंडक्टर, सगळे बघत राहिले. लुगड्यातली बाई असल्या गाडीतून उतरून कंधारच्या एसटीमागं नांदेडची एसटी शोधते आहे, त्यांना काय वाटलं असेल!

चार दिवसांनी पोराचा फोन आला. मशीन मारलं, निघालं सगळं, सर खूश आहेत. झालं. कुणाचंच काही गेलं नाही. फक्त पोरगी ओट्यावर येत नाही. शाळेला जाताना माझ्या दारासमोरून तोंड पलीकडं करून जाते. तिची आजी बोलते माझ्याशी, पण उभ्या उभ्या.

आणि मला त्या ताटाची आठवण येते. तुला आठवतं का माहीत नाही. व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नातलं, चांदीचा मुलामा दिलेलं ताट. तू राख आणि चिंचेनं घासलंस आणि मधला मुलामा निघून तांबं दिसायला लागलं. तुला कुठं ठाऊक होतं, तुझ्या हाताखाली तोवर आलेली सगळी भांडी आरपार एकाच धातूची होती. बाईसाहेब ताट घेऊन परसात आल्या. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पोरीनं घासलं, बाईसाब. मी पाण्याला गेलते." त्या मला बघून हसल्या, म्हणाल्या, "हात हाय का कानस?" मग तुला म्हणाल्या, उद्यापासून हिला आणू नको.

तुझं काम टिकलं. त्याच कामावर आपली चूल होती, हे मला आज कळतं. नऊ वर्षांच्या पोरीला कुणी कामावरून काढत नाही, हे तू उभ्या उभ्या ओळखलंस. पण त्यांच्या मागच्या पडवीत जुन्या मासिकांचे गठ्ठे होते, माय. तुझं काम आटपेपर्यंत मी त्यातली अक्षरं बोटानं गिरवायची. ‘म’ आणि ‘भ’ मला वेगळे कळायला लागले होते. ते सुटलं. त्या संध्याकाळी तू माझ्या केसांना तेल लावलंस, खूप वेळ, एकेक बट सोडवून. पुढं मी तुला कधी विचारलं नाही, म्हणून तुला वाटलं असेल की मी विसरले. मी विसरले नव्हते. तुझ्या अंगावर माती पडली त्या दिवशीही माझ्या मनात ते ताट होतं. मी तुझ्यावर रागावलेली होते, इतकी वर्षं, आणि हे मी तुझ्या जावयालाही कधी सांगितलं नाही.

तो राग आता सापडत नाही. अंगणातल्या त्या सकाळपासून शोधते आहे. माझ्या मनात नोकरी होती, तुझ्याही मनात नोकरीच असेल. घाबरलेल्या माणसाला समोर जे सगळ्यात लहान दिसतं त्याच्याकडे बोट जातं. तेवढ्यासाठी मी तुला आता काही म्हणणार नाही. पण तू मला तेल लावत बसलीस त्याऐवजी एकदा माझ्यादेखत खरं बोलली असतीस तर, असं अजूनही वाटतं. हे लिहिताना बरं वाटत नाही. खोडणार नाही.

ही पानं वहीतच राहतील. तू असतीस तरी तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागली असती, आणि वाचणारी मीच असते.

इथवर लिहून मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी, पोरगी शाळेला निघायच्या आधी, मी शेजारच्या दारात गेले, आजीला आणि सुनेला बाहेर बोलावलं आणि पोरीसमोर सांगितलं की गाडी मी घासली होती. मग तिथंच त्यांच्या उंबऱ्यावर बसून लातूरला पोराला फोन लावला.