जुन्या दारांची कपाटं

४ फेब्रुवारी
सहा दारं मिळाली! शाळेची जुनी इमारत पाडताहेत. तिथला मुकादम म्हणाला, "घेऊन जा ताई, नाहीतर चुलीतच जाणार." आई नि मी हातगाडीवरून दोन खेपांत आणली. किती मुरलेलं लाकूड! त्या माणसाचं भलं होवो.

बाबांना सांगितलं, मागच्या खोलीत तुमच्या सुतारकामाच्या हत्यारांसाठी कपाटं करते. आजारपणात उजवा हात लुळा पडला तेव्हापासून, आठ महिने, हत्यारं पोत्यांत आहेत. बाबांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नाही. "कुणासाठी लावायची आता हत्यारं?" – भिंतीकडे तोंड करून. तुमच्यासाठी, म्हटलं.

ते परत कामाला लागले पाहिजेत. मला दुसरं काही नको.

६ फेब्रुवारी
आत्या येऊन गेली. "घरातली पहिली पदवी, आणि हातात काय, तर करवत." आई म्हणाली, "पदवीने हात झडत नाहीत, वन्सं." आईला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, अंगभर भुसा होता.

९ फेब्रुवारी
घोडचूक. एका दाराची फळी रंधायला घेतली आणि तिसऱ्या फेरीला – टण्. आत मोडका खिळा. बाबांच्या रंध्याचं पातं धारेला तुटलं. वीस वर्षं जपलेलं. फडक्यात गुंडाळून पोत्याच्या तळाशी लपवलं. एवढं शिकून हेच जमलं.

जेवताना बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "पात्याचं किती गेलं?" भिंतीपलीकडून ऐकलं होतं त्यांनी! "तांदळाच्या दाण्याएवढं," म्हटलं. "मग जीव आहे अजून त्यात. रडतेस काय, जेव."

१० फेब्रुवारी
बाबा खोलीत आले. आपण होऊन. आई धरायला गेली तर म्हणाले, "मी काय नवरी आहे?"

स्टुलावर बसले. धार मी लावली, ते डोळे मिटून दगडावरचा आवाज ऐकत होते. "घोगरा आहे तोवर घास. साफ झाला की थांब." अडीच तास! दंड भरून आलेत, पेन धरवत नाही. मग त्यांनी डाव्या हाताने फळीवरचा एक काळा डाग दाखवला. जुन्या लाकडात खिळा दिसत नाही, पण त्याच्याभोवती लाकूड काळवंडतं. "रंधा नंतर. आधी डोळे फिरव."

वाचनालयातून तीन पुस्तकं आणली होती. एकातही हे वाचलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी
रोज येतात. चहासुद्धा तिथेच मागतात. आज माझ्या सांध्यात फट राहिली तर म्हणाले, "यातून मांजर जाईल." इतकं बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी
पहिलं कपाट उभं राहिलं. बारा खण. प्रत्येकावर वळणदार अक्षरात चिठ्ठी – स्क्रू, बिजागऱ्या, पटाश्या. बाबांना हाताला धरून दाखवलं. ते चिठ्ठ्यांवरून बोट फिरवत राहिले. "अक्षर छान आहे."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांना वाचता येत नाही. त्यांच्या घामावर शिकले, आणि मीच हे विसरले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेच हसले. "तोंड कशाला पाडतेस? आत जे आहे त्यातलं एकेक बाहेर ठोक. मला कळेल, तुझ्या आईलाही कळेल." मग स्क्रूच्या खणावर स्क्रू, बिजागऱ्यांच्या खणावर बिजागरी. लाकूड कोरायची पटाशी ठोकता येईना, तर तिचं चित्र कोरलं. बदकासारखं दिसतंय, असं आई म्हणते. चिठ्ठ्या काढायला गेले तर बाबांनी हात धरला. "असू देत."

२२ फेब्रुवारी
आज त्यांनी रंधा उचलला. उजवा हात घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा रंधा जमिनीवर. मग म्हणाले, "उचल. तू मार, मी बघतो."

मी मोरीत जाऊन रडले. आई मागून आली, काही न विचारता तोंडावर मारायला तांब्याभर पाणी दिलं.

तरी – दिवसभर पलंगावर पडून नव्हते. तेवढ्यासाठीही आभारच मानायला हवेत. मानते. पण मला ते पुरत नाही, हेही इथे खरं खरं लिहिते.

२३ फेब्रुवारी
दुसऱ्या कपाटाच्या फळ्या कापल्या.

२५ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकू मोडक्या पायाचं टेबल घेऊन आल्या. मी मोरीत होते. दारातून त्यांची हाक ऐकू आली, "सुतार आहेत का घरात?"

बाबा स्टुलावरूनच म्हणाले, "आहे की. बसा, ती हात धुतेय."