ट्रायम्फची मागची बैठक

मी महिपती रखमाजी पडवळ, वय वर्षे बावन्न, धंदा मोटारसायकल व सायकल दुरुस्ती, राहणार मौजे कुरवंडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती साथ देत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. दारूला तर मी बसऱ्याहून आल्यापासून शिवलेलो नाही. याआधी असा कागद मी केलेला नाही आणि यानंतर करायला वेळ मिळेलसे वाटत नाही.

सही होण्याआधी हा कागद साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवायचा आहे. साक्षीदारांत माझा धाकटा भाऊ भिमाजी असलाच पाहिजे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून भिमाजीच्या नावे मी काही ठेवत नाही. त्याला मी जे देणे लागतो ते कलम पाचमध्ये आहे.

कलम पहिले. कुरवंड्यातील घर, परसातला फणस आणि माझ्या वाटणीचे भातखाचर माझी पत्नी कस्तुराबाई हिचे. तेवीस वर्षे तिने माझ्या अंगाचा तेलाचा वास सोसला. आम्हाला मूल झाले नाही. तेव्हा हिला एवढे घर कशाला, असे जो कोणी म्हणेल, त्याला तिने उंबऱ्याबाहेरूनच चहा न देता वाटेला लावावे.

कलम दुसरे. लोणावळा बाजारातील माझ्या दुकानातली सर्व हत्यारे, शेगडी व पंप नवसू याचे. नवसू कुरवंड्याच्या वरच्या ठाकरवाडीतला. सोळा वर्षे माझ्यासोबत आहे. गाडी रस्त्याच्या वळणावर असतानाच तिचे दुखणे कानाने ओळखतो. पहिली दोन वर्षे मी त्याला बाहेर बसवून भाकर खायला लावली. ते चुकीचे होते. दुकानाच्या पाटीवर त्याने आपले नाव घालावे.

कलम तिसरे. सोपान लोहाराने माझा अर्ध्या इंचाचा पाना नेला आणि गेली अकरा वर्षे तो नेलाच नाही असे सांगतो. पाना त्यालाच राहू द्यावा. फक्त माझ्या तेराव्याला येऊन त्याने नवसूसमोर एकदा म्हणावे की पाना माझ्याकडे आहे. मगच जेवायला बसावे.

कलम चौथे. सन १९१७ सालची ट्रायम्फ मोटारसायकल. एक सिलिंडर, तीन गियर, मागच्या चाकाला पट्टा. हिच्या जातीची माझी ओळख बसऱ्याची. मागच्या महायुद्धात मी तिथे लष्करी वर्कशॉपात फिटर होतो. निरोप पोचवणारे शिपाई हिच्यावर बसून चिखलातून, वाळूतून जात आणि तिला भरवशाची ट्रायम्फ म्हणत. गाडी चिखलाचा गोळा होऊन यायची, आम्ही धुऊन बघायचो, तर मोडलेला बहुधा माणूस असायचा. परत आल्यावर खंडाळ्याला एका पारशी शेटच्या बंगल्यात हीच जात दिसली. त्यांच्याकडे कामाला राहिलो. शेटनी मोटार घेतली तेव्हा ते मला म्हणाले, हिच्याकडे तुझ्यासारखे कोणी बघत नाही, तूच ने.

माझ्या दुकानात बीएसए आली, नॉर्टन आली, इंडियन आली. सगळ्यांचे पोट मी उघडून पाहिले. चांगल्या आहेत, मी कोणाची निंदा करणार नाही. पण दुकानात येणारा आधी थांबतो तो हिच्यापाशी. हिच्यात एवढे काय आहे, असे विचारतात. मी सांगतो, हिच्यात झाकलेले काही नाही. प्रत्येक भाग डोळ्याला दिसतो, हाताला सापडतो. पट्टा तुटला तर बाजारातला चांभार चामड्याचा शिवून देतो आणि ती तक्रार न करता घाटाला लागते. मागच्या वर्षी लढाईतून सुट्टीवर आलेल्या एका गोऱ्या सार्जंटने टाकीवरच्या नावावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्याची बोली मला पुरी कळत नाही, पण ते कळले. अनेकांनी मागितली, मी विकली नाही. गावाला वाटते जीव जडला म्हणून. तेही खरे आहे. दुसरे कारण पुढे लिहितो.

कलम पाचवे. सन १९२५, कार्तिक महिना, भातकापणी. भिमाजीची बायको धोंडाबाई हिच्या पायाला दुपारी खाचरात घोणस चावली. तिला उचलून अंगणात आणले. भिमाजी बैल आणायला धावला. ट्रायम्फ अंगणातच उभी होती, टाकी भरलेली. लोणावळ्याच्या दवाखान्यात विषावरची सुई होती, हे मला ठाऊक होते. गाडीने फार तर अर्धा तास. बैलगाडीने दोन तासांच्या वर.

आमच्याकडे धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. सहा वर्षांत धोंडाबाई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. गाव आजवर म्हणत आले की तिने दिराच्या मागे बसायला नकार दिला आणि मर्यादा राखून प्राण सोडला. भिमाजीही तेच मानतो. हे खोटे आहे.

धोंडाबाई माझी आई शालूबाई हिला म्हणाली, “आत्याबाई, मला त्यांच्या गाडीवर बसवा. माझी पोर ल्हान हाय.”

आई म्हणाली, “थोरल्या दिराच्या मागं बसून गावातनं जाशील? बैलं जुपत्यात, गप पड.”

मी तीन पावलांवर होतो, हातात फडके. मी सगळे ऐकले. धोंडाबाईने माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकलो आणि चाक पुसू लागलो. बैलगाडी निघाली. वाटेत भुशीच्या अलीकडेच धोंडाबाईने प्राण सोडला. संध्याकाळी आईने भिमाजीला सांगितले की सूनच नको म्हणाली. भिमाजीने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, “व्हय.”

आईवर दोष टाकायला हे लिहीत नाही. ती कुरवंड्याबाहेर कधी गेली नव्हती. मी बसरा बघून आलो होतो. आणि गाडीवरही काही ढकलता येत नाही. ती त्या दिवशीही पहिल्या किकला चालू झाली असती. मला लोकांच्या तोंडाची भीती वाटली, एवढेच खरे कारण. रोज सकाळी तिला पुसताना मला ते दिसावे, म्हणून मी ती विकली नाही.

धोंडाबाईची मुलगी झुंबर तेव्हा चार वर्षांची होती. मोठी झाल्यावर एकदा ती कस्तुराबाईला म्हणाली, “आयला माझ्यापरीस पदर मोठा वाटला.” मी ओसरीवर होतो. तेव्हाही मी गप्प राहिलो. झुंबर, तुझ्या आईने तुझे नाव घेऊन जगायला मागितले होते. तिला नाही म्हणणारे आम्ही.

कलम सहावे. ट्रायम्फ झुंबर भिमाजी पडवळ हिची. ती सुइणीची परीक्षा पास होऊन तळेगावच्या दवाखान्यात आहे आणि सायकलवरून वराळ्यापर्यंत बाळंतपणाला जाते. नवसूने तिला गाडी शिकवावी. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळते, त्या कुपनांसाठी मी अर्ज करून ठेवला आहे. गाडी हार घालून पूजेला ठेवू नये, चालवावी. मागच्या बैठकीवर बसणाऱ्या आजारी माणसाला जात, नाते विचारू नये. हे सारे वाचून झुंबरला गाडी नकोशी वाटली, तर तिने ती मोडीत घालावी. तिला कोणी बोल लावू नये.

हे लिहिले ते खरे. ठिकाण लोणावळा, मार्गशीर्ष, शके १८६६, तारीख १० डिसेंबर १९४४.

सही: महिपती रखमाजी पडवळ

साक्षीदार पहिला: अंबाजी तुकाराम येवले, निवृत्त रेल्वे फायरमन, राहणार लोणावळा. सर्व कागद मी वाचून दाखवला. सही.

साक्षीदार दुसरा: भिमाजी रखमाजी पडवळ, राहणार कुरवंडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. यास लिहिता येत नाही. कागद ऐकून तो उठून बाहेर गेला, मग आत येऊन अंगठा उठवला. बोलला ते मी, अंबाजीने, त्याच्या सांगण्यावरून जसेच्या तसे लिहिले:

“ऐकलं. आजच तळेगावला जातो, पोरीला मीच सांगतो. गाडी ती घील. दादाला माफ केलं असं मी म्हणलो न्हाई, तसं लिवू नका.”