भिंतीवरचा जीव

२ फेब्रुवारी
नणंदबाई महिनाअखेर येणार. गुडघ्याचं ऑपरेशन इथेच करायचं ठरलंय. जिना चढवणार नाही, म्हणून त्यांना खालची खोली. म्हणजे ह्यांची. मला कोणी विचारलं नाही. मुलगा जेवताना म्हणाला, आई, बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तिथलं सामान आता आवर. आवरते म्हटलं. त्यात काय? दोन दुपारींचं काम.

५ फेब्रुवारी
खोली उघडली. शिवणयंत्रं दुरुस्त करायचं ह्यांचं टेबल, तेलाच्या बुधल्या, स्क्रूचे डबे, खुर्चीवर स्वेटर. रडूबिडू आलं नाही. सामान अंदाधुंद आवरायचं नसतं, आधी वर्गवारी शिकायची असते, एवढंच लक्षात आलं. लायब्ररीतून जीवशास्त्राचं पुस्तक आणलं. तिथली बाई म्हणाली, मावशी, कादंबरी नको का? म्हटलं, फालतू गोष्टी ऐकायला घरी माणसं आहेत.

८ फेब्रुवारी
सजीवांच्या पाच सृष्टी असतात. आमच्या वेळी दोनच होत्या, वनस्पती आणि प्राणी. बुरशी बिचारी वनस्पतींत कोंबलेली. पण ती स्वतःचं अन्न स्वतः करत नाही, दुसऱ्याच्या आयत्यावर जगते. म्हणून तिला वेगळं घर दिलं, कवकसृष्टी. हे वाचल्यावर नणंदबाईंची जागा आपोआप ठरली. मुलगा वनस्पती: बायको ज्या बाजूला, त्या बाजूला वळतो. शेजारचे रिटायर्ड साहेब मोनेरा. त्या जीवांच्या पेशीत धड केंद्रक नसतं, सगळं नुसतं तरंगत असतं. जे कुठेच बसत नाही ते प्रोटिस्टात टाकतात, स्वयंपाकघरातल्या शेवटच्या खणासारखं. सून तिथे.
खोली उद्या.

११ फेब्रुवारी
खुर्ची सरकवली तर मागे भिंतीवर पांढरी लव! मऊ, कापसासारखी. कवकसृष्टी, दुसरं काय! आता सामान हलवायचं म्हणजे एका जीवाचं घर मोडायचं. शास्त्रात ते बसत नाही. खुर्ची होती तिथे परत ठेवली. स्वेटरही.

१५ फेब्रुवारी
जीवाला पाणी शिंपडलं. शिंपडलं की रुसून दिसेनासा होतो. वाळलं की पुन्हा हजर, आधीपेक्षा जास्त. असा लाजरा स्वभाव पुस्तकात दिलेला नाही. लिहिणाऱ्याने घराबाहेर पडून काही पाहिलेलं दिसत नाही.
सुनेने डोकावून विचारलं, आई, ओल आलीय का, रंगवाल्याला बोलावू? म्हटलं, तुझ्याकडे पाहुणा आला की तू आधी रंगवाल्याला बोलावतेस का?

१९ फेब्रुवारी
मुलगा म्हणतो, खोली न आवरायची ही निमित्तं आहेत. निमित्तं कामचुकारांना लागतात. मी रोज दुपारी तिथे जाऊन खुर्चीत बसते आणि निरीक्षण करते. खुर्चीची पाठ भिंतीकडे आहे हे खरं, पण कुठल्याही जीवाला सतत रोखून पाहिलेलं सोसत नाही. कधी निरीक्षण करता करता डोळा लागतो. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही लागत असेल.

२४ फेब्रुवारी
नणंदबाई परवा येणार. प्लॅन तयार आहे. दारातच पाची सृष्टी समजावून सांगायच्या. आयुष्यात एक पुस्तक उघडलेलं नाही त्या बाईने. ऐकून गांगरतील आणि आपणच म्हणतील, नको गं बाई, मी सोफ्यावर झोपते.

२६ फेब्रुवारी
आल्या. काठी टेकत थेट खोलीत. मी त्यांना भिंतीसमोर उभं करून सगळं सांगितलं, मोनेरापासून प्राण्यांपर्यंत. तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. मग बोट भिंतीला लावलं आणि ते बोट तोंडात घातलं! मी ओरडले, थुंका, विषारी असेल! त्यांनी मिटक्या मारल्या आणि म्हणाल्या, खारट आहे गं. मीठ फुटलंय भिंतीला. आमच्या न्हाणीघरातही असंच येतं.
मुलगा हसला. सून हसली नाही.
नंतर पुस्तक पाहिलं. वाढ हे सजीवाचं लक्षण. वाढत तर होतं! पण वाढ आतून व्हावी लागते म्हणे. बाहेरून थरावर थर साचले तर ती वाढ नव्हे.
म्हणजे त्या खोलीत जिवंत असं काही नव्हतं.

२८ फेब्रुवारी
खोली आवरली. म्हणजे सुनेने आवरली, मी दारात बसून चुका काढल्या. यंत्रांचं सामान तिने वर नेऊन ठेवलं, टाकलं नाही. मी सांगितलं नव्हतं. प्रोटिस्टांचं काही सांगता येत नाही.
स्वेटर नणंदबाईंनी मागून घेतला. थंडी वाजते म्हणे. आम्ही सगळे पंख्याखाली बसलो होतो.
दुपारी तोच अंगात घालून तिथे आडव्या झाल्या. लगेच घोरायला लागल्या. आधी बारीक शिट्टी, मग एकदम सगळं बंद, आपण उठून बघायला जाणार तेवढ्यात पुन्हा सुरू. बहीण कुणाची!
सून दार ओढून घ्यायला निघाली. म्हटलं, राहू दे उघडं, आत कोंदतं.
घोरण्यावर हल्ली उपाय असतात. त्यावरचं पुस्तक आणायला हवं. आणेन सवडीने. तशी काही घाई नाही.