हिरवी संत्री

१५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

अजून हसू येतंय. यांचा चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसतच नाहीत." इतवारीत पंचवीस वर्षं साड्या विकणारा माणूस!

"अहो, मंग गिऱ्हाइकाले रंग कसा सांगता?"

"फळी पाहून. लाल वरच्या, हिरव्या खालच्या. तूच तं लावून देतं."

म्हणजे माझा हिरवा यांनी कधी पाहिलाच नाही? आणि यांना काय दिसतं, ते मला या जन्मी कळणार नाही? एका घरात राहून! घटकाभर वाईटच वाटलं.

येताना संत्री घेतली. मी केशरी वेचली. यांनी एकेक नाकाशी धरून, हातात तोलून चार घेतली. सगळी हिरवट.

"हिरवी काहून घेतली?"

"हिरवी आहेत का? मले तं गोड दिसून राहिली."

घरी येऊन सोलली. माझी आंबट, यांची साखर. दर वर्षी हेच होतं, आणि दर वर्षी मी यांच्या नशिबावर ढकलते!

हिरव्यातलं एक उरलं होतं. मी डोळे मिटले आणि ते नाकाशी धरलं.

मलाही गोड दिसलं.