नदीकडची खिडकी

दीपा,

गाढ झोपलीयेस, म्हणून उठवलं नाही. ध्रुव आणि आम्ही सगळे सकाळच्या ट्रेनने प्रागला निघालो. कुकरमध्ये खिचडी आहे.

तुझा प्लॅन आत्ता नीट वाचला. कुठल्या पुलावर सकाळी गर्दी नसते, ध्रुवला बिनकांद्याचं कुठे मिळेल, सगळं लिहिलंयस, तेही प्रागला एकदाही न जाता! मी दोनदा जाऊन आले, पण मला धड स्टेशनही आठवत नाही.

तुझ्या व्हिसाच्या टेर्मिनचं, म्हणजे ऑफिसातल्या अपॉइंटमेंटचं, पत्र मी लेटरबॉक्समधून काढलं आणि पंधरा दिवस माझ्याच बॅगेत विसरले. टेर्मिन हुकली, व्हिसाचं कार्ड लांबलं, म्हणून आज तू सीमेच्या अलीकडे, जर्मनीतच अडकलीस. एका शब्दाने बोलली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. आणि तू सीटांच्या यादीत नदीकडची खिडकी माझ्या नावावर लिहिलीस! सॉरी म्हणायलाही तोंड नाही मला.

आल्झो, तर ऐक. उद्या परतताना आम्ही बाड शांडाउला उतरतोय. ते सीमेच्या अलीकडेच आहे, तुला येता येईल. तीनपर्यंत पोच. तिथून ड्रेस्डेनपर्यंत नदी उजवीकडे असते. खिडकीत तू बसायचंस.

ईप्सिता