मला वाचवा

सोमवार, सकाळी ९.१०
संकल्प: फोनवर चिडायचं नाही. साहेबांनी बजावलंय, मदतकक्षाचे फोन शुक्रवारपर्यंत कमी झाले नाहीत, तर माझ्या खुर्चीचा विचार करावा लागेल. विचार म्हणजे बढतीचाच असणार.

९.४०
चिडलो. टायपिस्टबाई विचारत होत्या, पत्रं छापायचं नवं सॉफ्टवेअर कसं वापरायचं? अहो, प्रत्येक पॅकेजबरोबर त्याची माहिती मशीनमध्येच येते! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या म्हणाल्या, ती काख कुठंय तेवढं सांगा.

मंगळवार
बसवत नाही. चार चहा झाले. कल्पना सुचली! एकच फाइल. कुठल्या पॅकेजची माहिती कुठल्या फोल्डरात, सगळं एका पानावर. इंग्रजीत अशा फाइलला ‘रीड मी’ म्हणतात. आपली मराठीत: ‘मला वाचा’.
एका पानाची एकोणीस झाली. लोकांना वाचायला आवडतं.

बुधवार, ११.००
घाईघाईत नाव देऊन फाइल एकशे चाळीस मशीनवर टाकली. बायकोला फोन केला. ती म्हणाली, आपलं वॉशिंग मशीन तीन आठवडे बंद आहे, त्याचं पुस्तक शोधा आधी. हिला मोठ्या कामाची कदरच नाही.

गुरुवार
एकही फोन नाही!! तीनदा रिसीव्हर उचलून पाहिला. चालू आहे.

दुपारी ३
टायपिस्टबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, कालपासून सगळीकडे ‘मला वाचवा’ नावाचा व्हायरस आलाय, आम्ही न उघडताच डिलीट केला.
एक ‘व’ जास्त पडला होता.
मग मला फोन का नाही केला? तर म्हणे, तो तुमच्याकडूनच आला होता, म्हटलं तुम्हीच अडकलाय, त्यात आमची भर कशाला? आता सगळे एकमेकांनाच विचारतात.
असो. शून्य ते शून्यच.

शुक्रवार
साहेबांपुढे शून्याचा तक्ता ठेवला. खूश झाले. म्हणाले, फोनच येत नाहीत तर मदतकक्ष हवा कशाला? सोमवारपासून तुम्ही गोदामात.
जिन्यात दहा मिनिटं उभा राहिलो. वाईट वाटलं. खूप वाटलं. पण गोदामालाही जाणता माणूस लागतोच.

सोमवार, १०.२५
गोदाम. मालनोंदीचं सॉफ्टवेअर उघडलं, पुढे काही कळेना. माहिती मशीनमध्येच असणार, हे मला कुणी सांगायला नको. पाऊण तास शोधली. माझी फाइल इथेही डिलीट केलेली.
चिडलो नाही. सरळ मदतकक्षाला फोन लावला.
बावीस वेळा वाजला. कुणी उचलेना. कसली माणसं बसवतात तिथे, असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा.